बॉयलरची वाफ इंजिनाला आणि टर्बाइनला कशी द्यायची: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

बॉयलरसमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर आधी प्रेशर गेजवर जाते. काटा लाल रेषेच्या खाली आहे म्हणजे सगळे ठीक, असे त्याला वाटते. दाब महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या बंदोबस्ताला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पाण्यावर मात्र माणसाचीच नजर लागते. बॉयलरची आणि त्यावर चालणाऱ्या यंत्रांची मोठी हानी बहुतेक वेळा दोन कारणांनी होते: बॉयलरमध्ये हवे तिथे पाणी नसते, किंवा वाफेच्या लाइनमध्ये नको तिथे पाणी असते. पुढचे सगळे टप्पे याच दोन गोष्टी टाळण्यासाठी आहेत.

वाफेचा हिशेब

वातावरणाच्या दाबाला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. १ किलो पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात, आणि या काळात तापमान एका अंशानेही वाढत नाही. ही सुप्त उष्णता. इंधनाचा मोठा वाटा इथे खर्च होतो, आणि वाफ थंड पाइपला लागून पुन्हा पाणी झाली की हाच वाटा वाया जातो.

दाब वाढला की उकळण्याचे तापमान वाढते. गेजवर १० बार असताना ते १८४ अंश असते, ४० बारला सुमारे २५२, १०० बारला सुमारे ३१२. गेजचे शून्य म्हणजे वातावरणाचा दाब, म्हणून वाफेचा तक्ता वाचताना गेजच्या आकड्यात १ बार मिळवायला विसरू नका. तक्ते निरपेक्ष दाबाचे असतात आणि नवीन माणसाची इथे हमखास गल्लत होते.

यातून बॉयलरच्या ताकदीचाही अंदाज येतो. १० बारच्या बॉयलरमधले पाणी १८४ अंशांचे असते. शेल फाटून ते एकदम उघड्यावर आले तर १०० अंशांच्या वरची उष्णता त्यातल्याच पाण्याची वाफ करण्यात जाते आणि सुमारे १६ टक्के पाण्याची क्षणात वाफ होते. म्हणजे १००० किलो पाण्यातून १६० किलो वाफ. वातावरणाच्या दाबाला १ किलो वाफ सुमारे १.६७ घनमीटर जागा घेते, तेव्हा ही वाफ २६५ घनमीटरच्या पुढे जाते. स्फोट होतो तो साठलेल्या वाफेपेक्षा या गरम पाण्यामुळे जास्त.

आता वाफेचे प्रकार. पाण्याला लागून असलेली, पाण्याच्याच तापमानाची वाफ ती संपृक्त वाफ. तिच्यात पाण्याचे बारीक थेंब तरंगत असतील तर ती ओली. थेंब नसतील तर कोरडी. कोरडी वाफ पाण्यापासून दूर नेऊन आणखी तापवली की सुपरहीटेड. संपृक्त वाफेतली थोडी जरी उष्णता गेली तरी लगेच पाणी सुटते. सुपरहीटेड वाफ आधी आपले जादा तापमान गमावते आणि मगच ओली होते. टर्बाइनला सुपरहीट लागते ते मुख्यतः यासाठी.

दोन्ही यंत्रांना वाफ किती लागते, त्याचा ढोबळ हिशेब असा. गेजवर १० बारची संपृक्त वाफ इंजिनात वापरून हवेत सोडली तर १ किलो वाफेतून आदर्श स्थितीत सुमारे ४०० किलोज्यूल काम मिळू शकते. इंजिनाने त्यातले ६० टक्के साधले, तर १ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जेला १५ किलो वाफ लागली. तेच ४० बार, ४०० अंशांची वाफ टर्बाइनमध्ये घालून ०.१ बार निरपेक्ष दाबाच्या कंडेन्सरमध्ये (वापरलेली वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भांड्यात) सोडली तर आदर्श काम १०७० किलोज्यूलच्या आसपास जाते. ८० टक्के साधले की १ युनिटला सुमारे ४.२ किलो. ऊर्जा देण्याची वाफेची कुवत दाबापेक्षाही ती कुठपासून कुठपर्यंत प्रसरण पावते यावर ठरते. म्हणून कंडेन्सरचे व्हॅक्युम बिघडले तर बॉयलरवाल्याने कितीही आग वाढवली तरी ती भरपाई महागातच पडते.

पाणी कुठून येते, वाफ कुठून जाते

फायर ट्यूब बॉयलरमध्ये धुराचे गरम वायू नळ्यांमधून जातात आणि बाहेर पाणी असते. पाणी भरपूर असल्याने लोड (वाफेची मागणी) वर-खाली झाला तरी दाब सावकाश हलतो, पण मोठ्या व्यासाच्या शेलला फार दाब सोसत नाही. वॉटर ट्यूब बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत आणि आग बाहेर असते. जास्त दाब, जास्त वाफ आणि सुपरहीट हवी असेल तर हाच प्रकार. यात पाणी कमी असते, त्यामुळे चूक झाल्यास विचार करायला वेळही कमी मिळतो.

वॉटर ट्यूबमधला प्रवास असा: फीडची, म्हणजे बॉयलरला द्यायच्या पाण्याची टाकी किंवा डीएरेटर (पाण्यातला ऑक्सिजन काढणारी टाकी), तिथून फीड पंप, मग धुराच्या वाटेवर पाणी तापवणारा इकॉनॉमायझर, मग वरचा ड्रम. ड्रममधले पाणी आगीबाहेरच्या डाउनकमर नळ्यांतून खाली जाते, भट्टीच्या भिंतीतल्या रायझर नळ्यांत उकळते आणि वाफ-पाण्याचे मिश्रण हलके होऊन पुन्हा ड्रममध्ये चढते. ड्रममधले सायक्लोन आणि जाळ्या पाणी वेगळे करतात, कोरडी वाफ वरून निघून सुपरहीटरमध्ये जाते. दोन सुपरहीटरच्या मध्ये पाणी फवारून वाफेचे तापमान आवरतात. हे फवाऱ्याचे पाणी थेट टर्बाइनकडे जाते, म्हणून ते बॉयलरमधल्या सगळ्या पाण्यापेक्षा स्वच्छ लागते.

फीडचे पाणी जितके गरम, तितके इंधन कमी. साधारण ६ अंश वाढीला १ टक्का इंधन वाचते. पण पंपाच्या तोंडाशी पाणी गरम आणि वरून दाब कमी असेल तर पंपातच वाफ होते, पंप खडखडतो आणि पाणी उचलणे सोडतो. डीएरेटर पंपाच्या बराच वर, मजला-दोन मजले उंचीवर बसवतात ते यासाठीच. फीड पंप नेहमी दोन ठेवावेत, आणि दुसरा प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय तो आहे असे धरू नये.

पेटवण्याआधी

१. आत कोणी नाही, हत्यारे राहिली नाहीत, मॅनहोल आणि हँडहोलची झाकणे बसली आहेत, हे स्वतः पाहा.

२. ड्रमचा एअर व्हेंट उघडा. सुपरहीटरचे ड्रेन आणि स्टार्टअप व्हेंट उघडा. मेन स्टॉप व्हॉल्व्ह बंद ठेवा, पण घट्ट आवळून ठेवू नका, नाहीतर गरम झाल्यावर अडकतो.

३. पाणी नेहमीच्या पातळीच्या थोडे खालीपर्यंत भरा. तापताना ते फुगून वर येते.

४. दोन्ही गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा) तपासा. ही तपासणी रोज, प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, दाबावर असतानाही करायची असते.

गेज ग्लासची तपासणी नीट सांगण्यासारखी आहे. ग्लासला तीन कॉक असतात: वर वाफेचा, खाली पाण्याचा आणि तळाशी ड्रेनचा. वाफेचा आणि पाण्याचा बंद करून ड्रेन उघडा, ग्लास रिकामा होईल. पाण्याचा कॉक उघडा: जोरात पाणी आले पाहिजे. तो बंद करून वाफेचा उघडा: जोरात वाफ आली पाहिजे. तोही बंद करा, मग ड्रेन बंद करा. आता फक्त पाण्याचा कॉक हळू उघडा. बॉयलरमधली पातळी त्या कॉकच्या वर असेल तर पाणी ग्लासभर चढते. शेवटी वाफेचा उघडा, पाणी खऱ्या पातळीला उतरून स्थिर होते. चढताना किंवा उतरताना पाणी आळसले तर त्या बाजूची वाट गाळाने चोंदत आहे. पाण्याची वाट चोंदलेली असली तर ग्लासमध्ये जुनेच पाणी निवांत उभे दिसते आणि बॉयलर मात्र खाली रिकामा होत असतो. ज्या ग्लासमधले पाणी जरासुद्धा हलत नाही त्यावर विश्वास ठेवू नका. चालू बॉयलरमध्ये पातळी थोडी तरी थरथरतेच.

५. लो वॉटर कटऑफ खरोखर आग बंद करतो का ते पाहा. बायपास केलेला कटऑफ असेल तर बॉयलर पेटवू नका.

आग लावणे आणि दाब चढवणे

भट्टीत आधी हवा फिरवा. आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा) पहिला, मग एफडी (भट्टीत हवा ढकलणारा), आणि निदान पाच वेळा भट्टीतली सगळी हवा बदलेल इतका वेळ पर्ज करा. बर्नर पेटला नाही किंवा ज्योत विझली तर इंधन तोडा, पुन्हा पूर्ण पर्ज करा आणि मगच काडी लावा. विटा लाल आहेत, त्यावरच पेटेल, या विचाराने इंधन सोडणे हे भट्टीच्या स्फोटाचे सरळ कारण आहे. तेल किंवा गॅस जाळताना धुरात २ ते ४ टक्के ऑक्सिजन उरला तर हवा योग्य आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी, आणि ऑक्सिजन फार जास्त म्हणजे गरम हवा चिमणीतून फुकट चालली आहे. चिमणीकडे जाणाऱ्या धुराचे तापमान रोज लिहा. तोच लोड असताना ते २० अंशांनी वाढले तर अंदाजे १ टक्का उष्णता वाया जाते, आणि नळ्यांवर बाहेरून काजळी किंवा आतून क्षार बसल्याची ही पहिली खूण असते.

दाब चढवण्याची घाई सगळ्यात जास्त सुरुवातीला होते, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होते. याचे कारण तक्त्यात आहे. गेजवर ० ते १ बार जाताना पाण्याचे तापमान २० अंशांनी चढते, तर १० वरून ११ बारला जाताना फक्त ४ अंशांनी. काटा हळू सरकतो आहे असे वाटते तेव्हा धातू सगळ्यात वेगाने तापत असतो. वॉटर ट्यूब बॉयलरला ताशी ५० अंशांच्या आसपास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. विटांचे अस्तर असलेल्या किंवा जाड शेलच्या बॉयलरला आणखी सावकाश न्या. तुमच्या बॉयलरच्या निर्मात्याने दिलेला आलेख असेल तर तोच पाळा.

एअर व्हेंटमधून आधी हवा, मग हवा-वाफ, मग सलग वाफ येऊ लागते. १ ते २ बारच्या दरम्यान तो बंद करा. सुपरहीटरचा व्हेंट मात्र उघडाच राहू द्या. सुपरहीटरच्या नळ्यांना आतून वाहणारी वाफच थंड ठेवते. प्रवाह नसताना जोरात आग केली तर त्या नळ्या जळतात. याच कारणाने सुपरहीटरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ड्रमवरच्यापेक्षा आधी उघडेल असा लावलेला असतो: ड्रमचा आधी उघडला तर वाफ तिथूनच निघून जाईल आणि सुपरहीटर कोरडा पडेल. सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला हात लावण्याचा अधिकार ऑपरेटरचा नाही, हे पक्के लक्षात असू द्या.

लाइन गरम करणे

नव्या माणसाकडून सगळ्यात जास्त मोडतोड इथे होते, म्हणून थोडे थांबून पाहू.

१०० मिमी व्यासाची, १०० मीटर लांबीची पोलादी लाइन घ्या. तिचे वजन सुमारे १६०० किलो. ती ३० अंशांवरून १८४ अंशांपर्यंत तापवायला जी वाफ खर्च होते तिचे सुमारे ६० लिटर पाणी होते. हे पाणी पाइपच्या पोटात पसरते, आणि कुठे उतार चुकला असेल किंवा पाइप लोंबला असेल तिथे साचते. ६० लिटर म्हणजे याच पाइपचे साडेसात मीटर काठोकाठ. त्यावरून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने वाफ सोडली की लाटा उठतात, लाट पाइपचे तोंड बंद करते आणि पाण्याचा गठ्ठा वाफेच्या वेगाने पुढच्या बेंडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळतो. हा वॉटर हॅमर. यात बीडाचे व्हॉल्व्ह फुटतात, फ्लँज उखडतात, माणसे भाजतात. लाइन ठोकू लागली की व्हॉल्व्ह आणखी उघडायचा नाही. तो बंद करून पाणी काढायचे.

क्रम असा ठेवा. लाइनवरचे सगळे ड्रेन आणि ट्रॅपचे (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपांचे) बायपास उघडा. पाणी वाहून जाताना दिसले पाहिजे. स्टॉप व्हॉल्व्हचा छोटा बायपास उघडा. बायपास नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडा आणि थांबा. ड्रेनमधून आधी पाणी, मग पाणी-वाफ, मग नुसती वाफ येईल. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की मुख्य व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण उघडा, ड्रेन एकेक करून बंद करा आणि ट्रॅप कामाला लावा.

लाइनच्या बांधणीत चार गोष्टी तपासाव्यात. उतार वाफेच्या वाहण्याच्या दिशेने, १०० मीटरला निदान अर्धा ते एक मीटर. दर ३० ते ५० मीटरवर आणि चढ सुरू होण्याआधी ड्रेन पॉकेट, आणि तो पाइपच्या व्यासाचाच, कारण अर्ध्या इंचाच्या भोकावरून पाणी वेगाने उडून पुढे जाते. प्रसरणाला जागा: वरचीच १०० मीटरची लाइन तापली की सुमारे १८ सेंटिमीटर लांब होते, तेव्हा लूप आणि सरकणारे आधार हवेतच. चौथी गोष्ट व्यास. ताशी ५ टन, १० बारची संपृक्त वाफ म्हणजे सेकंदाला सुमारे पाव घनमीटर. सेकंदाला ३० मीटर वेग धरला तर १०० मिमीचा पाइप बसतो. ७५ मिमीचा घातला तर वेग ५५ मीटरच्या पुढे जातो आणि दाबातली घट चौपटीहून जास्त होते. बॉयलरवर १० बार आणि इंजिनाशी ७, ही तक्रार बऱ्याचदा पाइपचीच असते. संपृक्त वाफेला २५ ते ३५ मीटर, सुपरहीटेडला ४० ते ६० मीटर वेग ठीक.

आणखी एक. जास्त दाबाच्या सुपरहीटेड वाफेची गळती दिसत नाही. पांढरे ढग दिसतात ती थंड झालेली वाफ, आणि ती गळतीपासून पुढे असते. आवाज येतो आणि काही दिसत नाही तिथे हात घालू नका.

इंजिनाला वाफ देताना

पिस्टन आणि सिलिंडरच्या झाकणात स्ट्रोकच्या शेवटी काही मिलिमीटरच जागा उरते. तिथे वाफ असली तर ती दबते. पाणी दबत नाही. इंजिन फिरते तेव्हा ते पाणी झाकण तरी फोडते नाहीतर रॉड वाकवते. म्हणून सुरू करण्याआधी सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे ड्रेन कॉक उघडा, एक्झॉस्टची वाट मोकळी आहे हे बघा, स्नेहकात तेल भरा, इंजिन हाताने किंवा बारने एक पूर्ण फेरी फिरवून पाहा. मग थ्रॉटल जरासा उघडून सिलिंडर तापू द्या. ड्रेनमधून कोरडी वाफ येऊ लागेपर्यंत हळूच फिरवा, मग ड्रेन बंद करा. इंजिनाच्या अगदी जवळ सेपरेटर आणि ट्रॅप असावा. लाइनमध्ये निघालेले पाणी तिथे शेवटचे पकडता येते.

वाफ स्ट्रोकभर देत नाहीत. ठरावीक अंतरानंतर व्हॉल्व्ह वाफ तोडतो (हा कटऑफ) आणि उरलेला स्ट्रोक ती प्रसरणावर ढकलते. लोड कमी असताना थ्रॉटल आवळण्यापेक्षा कटऑफ लवकर घेतला तर वाफ वाचते. सिलिंडरमधले तेल एक्झॉस्टबरोबर बाहेर पडते, आणि ती वाफ थंड करून बॉयलरला परत द्यायची असेल तर तेल आधी वेगळे काढावेच लागते. बॉयलरच्या नळीवर तेलाचा पातळसा थरही उष्णता अडवतो, आणि पाणी फेसाळते ते वेगळेच.

टर्बाइनला वाफ देताना

चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये टर्बाइन चालवून दाखवला. तेव्हापासून आजवर त्याचा एक गुण बदललेला नाही: तो सलग फिरतो, त्यामुळे वाफही सलग, एकसारखी आणि स्वच्छ मागतो. फिरती पाती आणि आवरण यांत फार थोडे अंतर असते. थांबलेल्या रोटरला एका बाजूने उष्णता लागली तर तो वाकतो, आणि वाकलेला रोटर वेगात आणला की घासतो.

म्हणून आधी तेलाचा पंप, मग बॅरिंग गिअरवर (रोटर सावकाश फिरवणाऱ्या यंत्रणेवर) रोटर फिरता, आणि त्यानंतरच ग्लँडला, म्हणजे शाफ्ट आवरणातून बाहेर येतो त्या जागी, हवा अडवणारी सीलिंग स्टीम. मग व्हॅक्युम ओढा. स्टॉप व्हॉल्व्हआधीची लाइन ड्रेन करून तापवा आणि वाफेचे तापमान संपृक्त तापमानापेक्षा निदान ५० अंश वर आहे याची खात्री करा. वाफ सोडून कमी वेगावर ठेवा, धातू आतपर्यंत तापू द्या. क्रिटिकल वेगाशी (जिथे रोटरचे कंपन एकदम वाढते) रेंगाळू नका, तिथून सरळ पुढे जा. कंपन, बेअरिंगचे तापमान आणि आवरण-रोटर यांच्या लांबीतला फरक, या तिन्हींवर नजर ठेवा. ओव्हरस्पीड ट्रिप साधारण ११० टक्के वेगाला लागतो. त्याची ठरलेली चाचणी टाळू नका, कारण लोड अचानक तुटला आणि वेग आवरणारा गव्हर्नर चुकला, तर रोटरला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते.

वाफ शेवटच्या पात्यांपर्यंत पोचते तेव्हा थोडी ओली असतेच. वरच्या ४० बार, ४०० अंशांच्या उदाहरणात ८० टक्के कार्यक्षमतेला ओलावा ९ ते १० टक्के निघतो. १२ टक्क्यांच्या पुढे तो जाऊ देत नाहीत, कारण थेंब पात्यांची पुढची कड खरवडतात. बॉयलरने सुपरहीट कमी दिली की हाच ओलावा वाढतो. दोष टर्बाइनमध्ये दिसतो, मूळ मात्र बॉयलरच्या आगीत किंवा फवाऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये असते.

लोड बदलला की पातळी फसवते

टर्बाइनने एकदम जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब घसरतो. पाणी आधीच उकळत्या बिंदूवर असते, दाब उतरताच त्यात सगळीकडे बुडबुडे फुगतात, जसे सोड्याची बाटली उघडल्यावर होते. गेज ग्लासमध्ये पातळी वर जाताना दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असते. नवा माणूस फीड कमी करतो, आणि दोन-चार मिनिटांनी दाब सावरला की बुडबुडे बसतात आणि पातळी एकदम खाली. लोड तुटला की उलट: दाब चढतो, बुडबुडे दबतात, पातळी पडल्यासारखी वाटते, घाईने फीड वाढवले की पुढे ड्रम भरून वाहतो आणि पाणी सुपरहीटरमध्ये जाते.

म्हणून मोठ्या बॉयलरचे फीड नुसत्या पातळीवर चालवत नाहीत. बाहेर जाणारी वाफ, आत येणारे पाणी आणि पातळी या तिघांचा मेळ घालणारे नियंत्रण असते. हाताने चालवत असाल तर सवय अशी लावा: लोड बदलला की आधी वाफेचा आणि फीडचा प्रवाह एकमेकांशी जुळतो का ते बघा, पातळीकडे नंतर. आणि टर्बाइनवाल्याने लोड घेण्याआधी बॉयलरवाल्याला सांगितलेच पाहिजे. बरेचसे ट्रिप एका फोनने टळतात.

पाणी वाफेबरोबर उधळून जाण्याला प्रायमिंग म्हणतात. कारणे ठरलेली: पातळी फार वर, व्हॉल्व्ह एकदम उघडणे, पाण्यात क्षार जास्त, किंवा तेल. सुपरहीटचे तापमान अचानक पडणे ही त्याची खूण. अशा वेळी लोड आणि आग दोन्ही कमी करा, लाइनचे ड्रेन उघडा, पातळी शांत होऊ द्या आणि मग पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) तपासा.

ग्लासमध्ये पाणी दिसेनासे झाले तर

आग ताबडतोब बंद करा. ग्लास तपासा. पाणी खरोखरच खाली गेले असेल आणि नळ्या उघड्या पडल्याचा संशय असेल तर थंड पाणी आत सोडू नका. लालभडक पत्र्यावर पाणी पडले की वाफ एकदम होते आणि तापलेला धातूही तडकतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून दाब एकदम काढू नका, ब्लोडाऊन (बॉयलरमधले पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उघडू नका. लोड सावकाश उतरवा, बॉयलर आपोआप थंड होऊ द्या, आणि आतून-बाहेरून तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

पाण्याची देखभाल

कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नळीच्या सगळ्यात गरम जागी थर धरतात. थर उष्णता अडवतो, आतल्या पाण्याला ऊब मिळत नाही आणि नळीचा धातू मात्र तापत जातो, शेवटी फुगून फुटतो. म्हणून कमी दाबाला निदान सॉफ्टनरचे पाणी, टर्बाइनच्या जास्त दाबाला डीएम (क्षार काढलेले) पाणी. विरघळलेला ऑक्सिजन नळीला टाचणीएवढे खोल खड्डे पाडतो. तो काढायला डीएरेटर असतो. त्यात पाणी १०५ अंशांच्या आसपास उकळते ठेवतात, वर औषध म्हणून सोडियम सल्फाइट. १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) ऑक्सिजनला शुद्ध सल्फाइट सुमारे ८ पीपीएम लागते. कमी दाबाच्या बॉयलरच्या पाण्याचा पीएच साधारण १०.५ ते ११.५ ठेवतात.

वाफ जाते, क्षार मागे राहतात. ते ब्लोडाऊनने काढायचे. हिशेब सोपा आहे: फीडचा टीडीएस २०० आणि बॉयलरमध्ये ३००० पर्यंत चालत असेल तर २०० भागिले २८००, म्हणजे वाफेच्या सुमारे ७ टक्के पाणी बाहेर काढावे लागेल. कंडेन्सेट (वाफेचे पुन्हा झालेले पाणी) जास्त परत आले तर फीडचा टीडीएस उतरतो आणि हा आकडाही. खालचा ब्लोडाऊन कमी लोडवर, थोडा वेळ पण पूर्ण उघडून द्या. बॉयलरलगतचा व्हॉल्व्ह आधी उघडा आणि शेवटी बंद करा. तो उघडा असेपर्यंत गेज ग्लाससमोरून हलू नका, दुसऱ्या कामाला हाक आली तरी.

टर्बाइनला आणखी एक शत्रू आहे: सिलिका. जास्त दाबाला ती वाफेत विरघळूनच जाते, जाळ्या तिला अडवू शकत नाहीत, आणि पुढे दाब उतरला की पात्यांवर काचेसारखी बसते. म्हणून वाफेतली सिलिका ०.०२ पीपीएमच्या आत ठेवतात, आणि त्यासाठी ड्रमच्या पाण्यातलीच मर्यादेत ठेवावी लागते.

बंद करताना

लोड हळूहळू उतरवा. इंधन तोडा, भट्टी पर्ज करा, मग डॅम्पर बंद करून उष्णता आत राहू द्या. सुपरहीटरचा व्हेंट थोडा उघडा ठेवा, टर्बाइनकडचा प्रवाह थांबला की मेन स्टॉप बंद करा. पातळी नेहमीपेक्षा थोडी वर ठेवा, थंड होताना ती खाली येते. टर्बाइनचा रोटर थांबताच बॅरिंग गिअर लावा आणि आवरण गार होईपर्यंत फिरता ठेवा. बॉयलरचा दाब १ ते २ बारवर आला की ड्रमचा एअर व्हेंट उघडा, नाहीतर आतली वाफ आक्रसून व्हॅक्युम होतो आणि गॅस्केट आत ओढली जातात. पाणी ९० अंशांच्या खाली येईपर्यंत बॉयलर रिकामा करू नका. गरम धातूवर गाळ भाजून चिकटला की तो नंतर खरवडूनही निघत नाही.

काही दिवसांचीच विश्रांती असेल तर बॉयलर व्हेंटपर्यंत काठोकाठ भरून ठेवा, पाण्यात अल्कली आणि सल्फाइट घालून. काही महिन्यांसाठी बंद ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवा, आत ट्रेमध्ये कळीचा चुना किंवा सिलिका जेल ठेवून सगळी झाकणे लावा, आणि ते पदार्थ महिन्यातून एकदा उघडून बघा. ओले झाले असतील तर बदला. किती ट्रे ठेवले ते झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहा, म्हणजे पुन्हा पाणी भरण्याआधी ते सगळे बाहेर आले की नाही हे मोजता येते.